हिशेब कोणी द्यायचा?

साम्राज्याच्या काळात पणजोबांनी केलेल्या कृत्यांची खंत आजच्या इंग्रजाने का बाळगावी, हा आक्षेप मला निम्माच पटतो. अपराध वारशाने येत नाही हे खरे. त्यातून झालेली मिळकत मात्र येते. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती गुलामांच्या मालकांना, आणि त्यासाठी काढलेले कर्ज पूर्ण फिटले २०१५ साली. म्हणजे ते फेडणाऱ्या करदात्यांत वेस्ट इंडीजहून आलेल्या, गुलामांच्याच वंशातील माणसेही होती. याला जुनी गोष्ट कसे म्हणावे?

अर्थात, आपण नाशिककरांनी हा प्रश्न केवळ नाशिकचा ब्रिटिश अमदानीतला कलेक्टर जॅक्सन याच्या देशबांधवांना विचारून भागणार नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या ज्या बंद दारांपुढे अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही उभे राहिले, ती काही इंग्रजांनी लावलेली नव्हती. दारे लावणाऱ्यांच्या नातवंडांनी ऊर बडवून घ्यावा असे मी म्हणत नाही. पण घरात तो विषय निघाला की "तेव्हाचा काळच तसा होता" असे म्हणून चहा टाकायला उठू नये, एवढी अपेक्षा गैर नसावी.