क्लीव्हलँडचा ३१ वर्षांचा महापौर आणि १५ डिसेंबर १९७८ : नेमकं काय घडलं? (चर्चेचा धागा, प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

नदीकाठ
डेनिस कुसिनिच नोव्हेंबर १९७७ मध्ये ३१ व्या वर्षी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहराचे महापौर म्हणून निवडून आले, ‘बॉय मेयर’ म्हणून देशभर गाजले आणि वर्षभरातच शहराचं कर्ज थकलं, इथवर सगळीकडे सारखंच वाचायला मिळतं. त्यापुढे दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरकटपणापायी शहर खड्ड्यात घातलं. दुसरा म्हणतो, बँकांना न जुमानता महापालिकेच्या मालकीची वीज कंपनी वाचवली. दोन्हीकडची विशेषणं बाजूला ठेवून व्यवहार समजून घ्यायचा आहे. वीज कंपनी विकण्याचा आणि कर्जाच्या मुदतीचा संबंध कसा आला? शहराचं दिवाळं निघालं म्हणजे पगार थांबले का? आणि आपल्याकडचा महापौर असा अडकू शकतो का?

ताळेबंद
‘दिवाळं’ हा शब्द इथे बसत नाही. डेट्रॉइटने २०१३ मध्ये कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला, क्लीव्हलँडने तो कधीच केला नाही. इथे काही नोटांची परतफेड ठरल्या तारखेला झाली नाही, एवढंच. पगार झाले, नळाला पाणी आलं, दीर्घ मुदतीच्या रोख्यांचे हप्तेही गेले. तरी महामंदीनंतर एवढ्या मोठ्या अमेरिकी शहराचं कर्ज थकण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून बोभाटा झाला.

आता नोटा म्हणजे काय ते. महापालिकेला मोठं काम काढायचं तर ती दीर्घ मुदतीचे रोखे काढते. आपल्याकडे पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे १० वर्षांच्या मुदतीने काढले, तसं. पण रोखे निघेपर्यंत हातउसने म्हणून वर्षभराच्या नोटा काढता येतात. पुढे रोखे येतील, त्यातून फेडू, असा तो वायदा. वर्ष संपलं आणि रोखे निघालेच नाहीत, तर जुनी नोट फेडायला नवी नोट काढायची. सावकारीत याला कागद पालटणं म्हणतात.

कुसिनिच यांच्या आधीच्या राल्फ पर्क यांच्या कारकिर्दीत हा पालटण्याचा खेळ सवयीचा झाला होता. शहराचा आयकर होता १ टक्का आणि मतदार तो वाढवू देत नव्हते. कारखाने आणि माणसं उपनगरांत चालली होती. तूट भरायला रोख्यांचे पैसे, म्हणजे रस्ते आणि पूल यांच्यासाठीचे पैसे, रोजच्या खर्चात गेले. हिशेबाच्या वह्या इतक्या विस्कटलेल्या की नक्की किती पैसा कुठे गेला हे नव्या प्रशासनालाही धड सांगता येईना.

ही पद्धत नवी नोट घ्यायला कुणीतरी तयार असेतोवरच चालते. १९७५ मध्ये न्यूयॉर्क जवळजवळ बुडालं आणि बाजार सावध झाला. १९७८ च्या उन्हाळ्यात मूडीज आणि स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमापन संस्थांनी क्लीव्हलँडची पत खाली आणली. देशभरच्या बाजाराचं दार शहराला बंद झालं. उरल्या गावातल्या सहा बँका. त्यांच्याकडच्या साधारण १ कोटी ४० लाख डॉलरच्या नोटांची मुदत १५ डिसेंबरला संपत होती. शहराच्या आकाराच्या मानाने ही रक्कम फार नाही. पण देणारा एकच गट उरला की रकमेचा आकार गौण होतो, आणि अट कोण घालतो ते महत्त्वाचं ठरतं.

फ्यूजतार
विजेची बाजू सांगतो, कारण ती नेहमी दोन ओळींत उरकली जाते.

‘म्युनी लाइट’ ही महापालिकेची वीज कंपनी. कल्पना टॉम जॉन्सन या महापौरांची, तळ्याकाठचं मोठं केंद्र १९१४ मध्ये सुरू झालं. ग्राहक शहराचा साधारण पाचवा हिस्सा, दर खासगी कंपनीपेक्षा कमी. बाकी शहर ‘क्लीव्हलँड इलेक्ट्रिक इल्युमिनेटिंग’ या खासगी कंपनीकडे. काही रस्त्यांवर दोघींच्याही तारा, म्हणजे घरमालकाला खरोखरच निवड होती. मुंबईत बेस्ट ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेकडे आली आणि शहर भागाला वीज देते, ते डोळ्यांसमोर आणा. फक्त इथे त्याच गल्लीत प्रतिस्पर्धी उभा होता.

म्युनीचं दुखणं म्हणजे जुनी झालेली जनित्रं. स्वतःची वीज पुरेना, तेव्हा बाहेरून स्वस्त वीज आणायची. न्यूयॉर्क राज्याच्या सार्वजनिक वीज प्राधिकरणाकडे जलविद्युत होती. पण ती आणणार कुठून? मधल्या तारा खासगी कंपनीच्या. दुसऱ्याची वीज भाडं घेऊन आपल्या तारांवरून जाऊ देणं याला ‘व्हीलिंग’ म्हणतात. कंपनीने ते नाकारलं, जोडणीही अडवली. परिणाम सरळ : केंद्र बंद पडलं की पर्यायी जोडणी नाही, म्हणजे अंधार. अंधार झाला की ग्राहक शेजारच्या खांबावर जातो. ग्राहक गेला की उत्पन्न घटतं, दुरुस्ती रखडते. आणि मग तीच कंपनी म्हणते, ‘बघा, महापालिकेला वीज चालवता येत नाही, आम्हाला विका.’

हे नुसते आरोप नव्हते. अणुऊर्जा परवाने तपासणाऱ्या संघीय मंडळाने १९७७ च्या सुरुवातीला खासगी कंपनीचं वागणं स्पर्धाविरोधी ठरवलं होतं. शहराने तिच्यावर ३२ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दावाही लावला होता. पर्क यांनी म्युनी विकायचा करार केला, तो पार पडला असता तर दावाही संपला असता. कुसिनिच यांनी येताच विक्री रद्द केली.

दुसरी बाजूही नोंदवतो, त्यांचे चाहते ती गाळतात. पुढे हा दावा कोर्टात उभा राहिला, पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही आणि १९८१ मध्ये दुसऱ्यांदा निकाल खासगी कंपनीच्या बाजूने लागला. दाव्याच्या भरवशावर पैशाचं गणित मांडलं असतं तर ते चुकलंच असतं. म्युनी मात्र शहराकडेच राहिली, आज तिचं नाव ‘क्लीव्हलँड पब्लिक पॉवर’.

ताळेबंद
आता दोन्ही धागे जोडतो. गावातल्या सहा बँकांत मोठी होती ‘क्लीव्हलँड ट्रस्ट’. या बँकेचे काही संचालक खासगी वीज कंपनीच्या संचालक मंडळावरही होते, हे उघड होतं. कुसिनिच यांचं म्हणणं असं की म्युनी विका, नोटांची मुदत वाढवतो आणि वर ५ कोटी डॉलरचं कर्ज मिळवून देतो, असं बँकेच्या प्रमुखांनी सांगितलं. बँकेने असा सौदा असल्याचं मान्य केलं नाही, शहराच्या हिशेबावर विश्वास नाही हेच कारण दिलं. हेतू काहीही धरा, हिशेब खरोखरच विश्वास ठेवण्याजोगे नव्हते. व्यवहार कसा चालतो ते विचारलं होतं म्हणून सांगतो : वर्षाच्या नोटेवर रोजचा खर्च चालवणारा माणूस कुठलीही मालमत्ता ‘विकणार नाही’ म्हणू शकतो, पण फक्त पुढच्या मुदतीपर्यंत.

१५ डिसेंबरच्या रात्री नगरसेवकांच्या परिषदेची बैठक चालूच होती. महापौरांचा प्रस्ताव आयकर वाढवण्याचा, परिषदेतल्या बहुमताला विक्रीही हवी होती. मध्यरात्र उलटली आणि कर्ज थकलं.

वॉर्डातला
बँका आणि वीज कंपनी यांच्यावर सगळं ढकललं की राजकारण सुटतं. आठवा, त्या डिसेंबरपर्यंत कुसिनिच यांच्याजवळ मित्र कोण उरला होता?

२३ व्या वर्षी नगरसेवक, १९७५ मध्ये महापालिका न्यायालयाचे निवडून आलेले लिपिक, मग महापौर. ट्रक चालवणाऱ्या बापाची सात मुलं, त्यातला हा थोरला. प्रस्थापितांशी भांडूनच वर आलेला, आणि खुर्चीवर बसल्यावरही भांडणच चालू ठेवलं. वरिष्ठ जागांवर विशीतली मंडळी नेमली. सॅन फ्रान्सिस्कोचे माजी शेरीफ रिचर्ड होंगिस्टो यांना पोलीसप्रमुख म्हणून आणलं, ते लवकरच लोकप्रिय झाले. त्यांनी महापौरांच्या माणसांवर गैर दबावाचा आरोप केला. कुसिनिच यांनी पुरावा मागितला आणि २४ मार्च १९७८ ला, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, टीव्हीवर थेट प्रक्षेपणात त्यांना काढून टाकलं. बडतर्फीचा अधिकार होता, कारणही असेल. पण ती वेळ आणि तो कॅमेरा निवडणं ही शुद्ध चूक. महापौरांना परत बोलावण्यासाठी, म्हणजे मुदतीआधीच मतदानाने पदावरून हटवण्यासाठी, सह्या गोळा होऊ लागल्या त्या तिथून.

१३ ऑगस्टला मतदान झालं. पदावर राहिले ते फक्त २३६ मतांनी, एकूण मतं १ लाख २० हजारांच्या घरात. त्या वर्षी बेसबॉलच्या हंगामाचा पहिला चेंडू टाकायला ते चिलखती जाकीट घालून गेले होते, एवढा तणाव. तेव्हा ३३ जणांच्या परिषदेत बहुमत नाही, अध्यक्ष जॉर्ज फोर्ब्स विरोधात, व्यापारी विरोधात, पोलीस नाराज. चार महिन्यांनी याच परिषदेकडून त्यांना मध्यरात्रीच्या आत ठराव हवा होता.

आपल्याकडच्या महापौराबद्दल : नाही, असा अडकू शकत नाही, कारण त्याच्या हातात तेवढं नाहीच. महाराष्ट्रात महापौर नगरसेवकांतून अडीच वर्षांसाठी निवडला जातो, सभा चालवतो. कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे, पोलीस गृहखात्याकडे. पोलीसप्रमुखाला काढणं किंवा वीज कंपनीचा सौदा रद्द करणं त्याच्या कक्षेबाहेरचं. मतदारांनी मध्येच परत बोलावण्याची सोयही नाही. ‘मेयर’चं भाषांतर आपण ‘महापौर’ करतो आणि तिथेच फसतो. क्लीव्हलँडच्या मेयरमध्ये आपला आयुक्त आणि महापौर दोघं मिळून असतात.

नदीकाठ
हे सगळं जुळलं. एक गाठ राहिली. २७ फेब्रुवारी १९७९ च्या सार्वमतात मतदारांनी म्युनीची विक्री साधारण दोनास एक अशी फेटाळली, म्हणजे कौल कुसिनिच यांच्या बाजूने. मग त्याच वर्षी नोव्हेंबरात ते हरले कसे?

वॉर्डातला
त्या दिवशी दोन प्रश्न होते. म्युनी ठेवायची का? हो. आयकर १ वरून दीड टक्का करायचा का? त्यालाही हो. म्हणजे मतदाराने कंपनीही ठेवली आणि तिच्यासकट शहर चालवायचा खर्चही उचलला. कुसिनिच यांनी दोन्ही मागण्या केल्या होत्या, त्या मिळाल्या. पण कर्ज थकल्याचा शिक्का तसाच होता, तो निघाला १९८० मध्ये, बँकांशी नवा करार झाल्यावर. मतदाराला कंपनी हवी होती, रोजची खडाजंगी नको होती. त्यांना हरवणारे जॉर्ज व्होइनोविच सौम्य, बँकांशी बोलू शकणारे. त्यांनी आयकरवाढीचं फळही घेतलं, हे थोडं अन्यायाचं वाटतं खरं. आणि तेव्हा महापौराची मुदत दोनच वर्षांची होती, सावरायला वेळच नव्हता. नंतर ती चार वर्षांची झाली.

फ्यूजतार
पुढचं थोडक्यात, कारण धाग्याचा विषय महापौरपदाचा आहे. बरीच वर्षं कुसिनिच मोठ्या पदावर नव्हते, मध्ये थोडा काळ फक्त नगरसेवक होते. १९९४ मध्ये ओहायोच्या सिनेटवर निवडून आले ते विजेच्या दिव्याचं चिन्ह आणि ‘तो बरोबर होता’ अशा अर्थाची घोषणा घेऊन. १९९७ ते २०१३ अमेरिकी काँग्रेसमध्ये, मध्ये दोनदा अध्यक्षपदाच्या उमेदवारीची धडपड. १९९८ मध्ये, ज्या परिषदेने त्यांना अडवलं होतं तिनेच म्युनी न विकण्याच्या निर्णयाबद्दल त्यांचा गौरव केला.

२०२१ मध्ये ७४ व्या वर्षी पुन्हा महापौरपदाला उभे राहिले आणि प्राथमिक फेरीत तिसरे आले. निवडून आले जस्टिन बिब, वय ३४.