अनुभव धागा: यानातल्या माणसांच्या गोष्टी कशा पाहायच्या?

धुऱ्यावरून: लाडबोरीच्या कड्याचा फोटो आज पुन्हा फिरत आला. २ एप्रिल २०२२, पाडव्याची रात्र. आभाळातून पेटती रांग गेली अन् चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात रॉकेटचं दहा फुटी कडं येऊन पडलं. ते पाहिलं की मन यानातल्या माणसांकडेच जातं. लढाया नकोत. स्वयंपाक कोण करतो, इंजिन कोण उघडतो, कोण कोणाशी बोलत नाही, अशा मालिका ज्यांना आवडतात त्यांनी लिहा. क्रम कोणता, धीर कुठं धरायचा, नेमकं सांगा.

पऱ्हाटी: 'फायरफ्लाय'. क्रम चुकवू नका. भाग १४, पण २००२ साली वाहिनीनं उलटसुलट दाखवले. दोन तासांचा पहिला भाग लागला २० डिसेंबरला! त्यात 'केली' नावाची मेकॅनिक बजावते की इंजिनाची कॉम्प्रेशन कॉइल गेली तर आपण अधांतरी. कप्तान उडवून लावतो. पुढं 'आउट ऑफ गॅस'मध्ये त्याच कॉइलचा कॅटलायझर फुटतो, हवा संपत येते. हा भाग मात्र २५ ऑक्टोबरलाच दाखवून मोकळे. पेरणीआधी सोंगणी झाली ना ही! डीव्हीडीचा क्रम धरा. २००५चा 'सेरेनिटी' सिनेमा शेवटी.

संत्राबाग: अन् ते जेवणाचं टेबल! लांब, लाकडी, भोवतीच्या खुर्च्या एकीसारखी दुसरी नाही, भिंतीवर वेलबुट्टी. माणसं नऊ. कोण कोणाजवळ बसलं एवढं पाहत गेलं तरी अर्धी गोष्ट कळते. पहिल्या भागात एक प्रवासी भाड्यापोटी स्ट्रॉबेरी देतो, केली ती खाते तेव्हा पाहा. ताजा टोमॅटो ताटात आला तरी सगळे हरखतात. इथं भाव पडला की क्रेट रस्त्यावर ओततात.

कापूसवेच: टोमॅटोचं नका काढू दादा 😔

रात्रीचं ओलित: 'द एक्स्पान्स' कोणीच नाही लिहिलं? सहा सीझन, ६२ भाग. पहिले तीन भाग जड जातात, कारण पृथ्वी, सेरेस नावाचा लघुग्रह अन् बर्फ वाहणारं जहाज अशी तीन ठिकाणची माणसं एकदम अंगावर येतात. चौथ्या भागात बर्फवाल्या जहाजावरची टोळी आपल्या यानात चढते, तिथून सुटत नाही. यान विमानासारखं आडवं नाही, माडीवर माडी चढवल्यासारखं उभं आहे. इंजिन बुडाशी, त्याच्या रेट्यानंच पाय टेकतात. रेटा एक तृतीयांश जी, म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका असला तर ६० किलोचा माणूस २० किलोचा वाटतो. इंजिन बंद की सगळे तरंगले. अर्ध्या वाटेवर यान उलटं फिरवून तेच इंजिन ब्रेकसारखं लावतात. भांडण कितीही पेटलेलं असो, आधी पट्टे बांधावे लागतात.

कापूसवेच: राजेहो, बोंडं फुटलीत, रात्री वाचते सगळं. दीड जीबीत किती भाग बसतात?

पऱ्हाटी: ताई, क्वालिटी सगळ्यात खालची ठेवा, ४५ मिनिटांना पाव जीबीच्या आसपास जाते. सबटायटल बंद नका करू, बेल्टर, म्हणजे लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या लोकांची बोली इंग्रजी येणाऱ्यालेही समजत नाही.

वर्धेकाठ: विषय सोडून विचारतो. थ्री फेज मोटर नुसती हुंकारते, फिरत नाही. इथं कोणी केली आहे का?

रात्रीचं ओलित: आधी बंद करा काका! एक फेज गेला असेल. दोनवर तशीच राहिली तर वाइंडिंग जळते. ट्रान्सफॉर्मरवरचा डीओ, म्हणजे उडून लोंबणारा फ्यूज, उडाला का ते दुरूनच पाहा, हात लावू नका, लाइनमनले बोलवा. अन् स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवून घ्या, एक फेज गेला की मोटर आपोआप बंद करतो.

वर्धेकाठ: डीओच लोंबकळतो आहे. मोटर वाचली बाप्पा.

संत्राबाग: गोष्टीतला बिघाड असाच पाहिजे. एकच पार्ट, त्याचं धड कारण, अन् ते ओळखणारा एकच माणूस. नुसतं 'यान बंद पडलं' म्हटलं की कोणाचाच स्वभाव दिसत नाही.

धुऱ्यावरून: निरोपाचंही तसंच. पृथ्वीवरून मंगळाला बोलणं पोचायला ३ ते २२ मिनिटं. तिथं मधेच तोडता येत नाही, पूर्ण ऐकावंच लागतं. नवराबायकोचा प्रसंग असा पाहिला की वेगळाच वाटतो.

कापूसवेच: मी स्ट्रॉबेरीवालं आधी लावते. लाइन गेली, उद्या बोलू.