खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत नायट्राइट उतरत नाही. मासे कधी सोडावेत?

विश्रामबागकर (सांगली)

सप्रेम नमस्कार. आमच्या घरी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच काचेची टाकी बसवून आज २६ दिवस झाले. वाळू आणि कोरडा खडक वजा जाता तिच्यात साधारण १५० लिटर खारे पाणी आहे. मासे सोडण्यापूर्वी टाकी सायकल करून घ्यावी लागते, म्हणजे विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तिच्यात वाढवावे लागतात, हे वाचलेले असल्यामुळे एकही जीव न सोडता मी शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाले वापरतात तो नवसागरच पण प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा, वापरून अमोनिया २ पीपीएमवर (लिटरमागे २ मिलिग्रॅमवर) नेला आणि बाटलीतले जिवाणूही घातले. अकराव्या दिवसापासून अमोनिया उतरू लागला. तो शून्यावर आला की जिवाणू उपाशी मरतील या काळजीने मी पुन्हा २ पीपीएम देत गेलो. असे आतापर्यंत एकंदर चार वेळा दिले आहे.

आता अमोनिया एका रात्रीत नाहीसा होतो, पण नायट्राइटची परीक्षानळी गेले नऊ दिवस तशीच गडद जांभळी येते, तक्त्यावरच्या शेवटच्या ५ पीपीएमच्या चौकोनाहूनही गडद. नायट्रेट ८० पीपीएम दाखवते, आणि सामू ८.२ वरून ७.८ वर आला आहे. उन्हामुळे रोज सुमारे एक लिटर पाणी उडून जाते. तेवढे खारे पाणी तयार करून मी रोज संध्याकाळी भरतो. काचेच्या काठावर क्षारांची पांढरी कड बसली आहे आणि सापेक्ष घनता १.०३१ भरते.

सामान जिथून घेतले तिथे मला सांगण्यात आले की दोन डॅमसेल मासे सोडा, टाकी आपोआप मार्गी लागेल. माझे मन त्याला धजत नाही. रत्नागिरीचे एक नातेवाईक समुद्राचे पाणी आणि खडक आणून देतो म्हणतात. जिवाणू मेले असतील का? पाणी बदलले तर महिन्याभराची मेहनत वाया जाईल का?

अजिंक्यतारा (सातारा)

तुमचे जिवाणू जिवंत आहेत. त्यांना जेवण जास्त झाले आहे, इतकेच.

हिशेब मांडून पाहा. अमोनियाचे एक मिलिग्रॅम जिवाणूंनी पचवले की त्याचे सुमारे २.७ मिलिग्रॅम नायट्राइट होते. तुम्ही २ पीपीएम चार वेळा दिले, म्हणजे ८ पीपीएम. त्याचे नायट्राइट झाले २१ पीपीएमच्या आसपास. तुमचा तक्ता ५ वर संपतो, त्यामुळे २१ चे १२ झाले तरी नळीतला रंग तुम्हाला तसाच दिसणार. उद्या सकाळी टाकीतले एक भाग पाणी आणि नऊ भाग आरओचे पाणी एकत्र करून त्याची चाचणी घ्या आणि येईल त्या आकड्याला दहाने गुणा. नायट्राइट एवढे चढलेले असताना नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, कारण ती चाचणी नायट्रेटचे आधी नायट्राइट करून मगच रंग दाखवते आणि पाण्यात आधीपासून असलेले नायट्राइटही त्यातच मोजले जाते.

अमोनिया पचवणारे जिवाणू लवकर वाढतात आणि नायट्राइट पचवणारे मागाहून, सावकाश. हे अंतर प्रत्येक नव्या टाकीत दिसते आणि साऱ्या प्रक्रियेला चार ते सहा आठवडे लागणे स्वाभाविक आहे. शिवाय अमोनियाचे नायट्राइट होताना आम्ल तयार होते आणि ते पाण्याची क्षारीयता, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, खाते. तुमच्या ८ पीपीएमने ती जवळपास अडीच अंशांनी (डीकेएच मापात) खाली आली असणार. सामू घसरण्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि सामू असाच घसरत राहिला तर जिवाणूंचे काम आणखी मंदावते. या दुसऱ्या जिवाणूंना थोडे फॉस्फेटही लागते, आणि कोरडा खडक, कोरी वाळू व आरओचे पाणी अशा टाकीत ते जवळजवळ नसते. माशांच्या खाद्याची एक बारीक चिमूट एकदाच टाका.

रोज खारे पाणी भरणे आजच थांबवा. उडून जाते ते फक्त पाणी. मीठ टाकीतच राहते. २६ दिवसांत २६ लिटर खारे पाणी म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम मीठ तुम्ही वर घातले, आणि क्षारता हजारी ३५ वरून ४१ वर गेली. तुमचा १.०३१ हा आकडा याच हिशेबाशी जुळतो. (तरी घनता मोजायला काटा असलेला हायड्रोमीटर वापरत असाल तर काट्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा बोटाने झटकून मगच वाचन घ्या, एकच बुडबुडा काट्याला वर उचलून धरतो.)

उपाय असा आहे की अर्धे, म्हणजे ७५ लिटर पाणी काढा आणि त्याच्या जागी हजारी २९ क्षारतेचे नवे पाणी भरा. ४१ आणि २९ मिळून ३५ होतील, नायट्राइट निम्मे होईल आणि क्षारीयताही भरून निघेल. टाकीत जीव असते तर क्षारतेत एका दिवसात एवढा बदल मी कधीच सुचवला नसता. आज टाकी रिकामी आहे, हाच तुमचा फायदा. जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते खडकाला आणि वाळूच्या कणांना चिकटून राहतात, म्हणून मेहनत वाया जाणार नाही. फक्त खडक उघडा पडून सुकू देऊ नका. यापुढे अमोनिया देणे बंद. दिवेही बंदच ठेवा, नाहीतर या खतावर शेवाळ फोफावेल.

डॅमसेल सोडला नाहीत, फार योग्य केलेत. सामू एकाने वाढला की अमोनियाचा विषारी अंश जवळपास दहापट होतो आणि खाऱ्या पाण्याचा सामू गोड्याहून चढा असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात मासा ज्या मात्रेत तग धरतो त्याच मात्रेत खाऱ्या पाण्यात त्याचे कल्ले भाजून निघतात. चिवट मासा त्यातूनही जगतो, पण तो भोगत असतो, आणि वाचलाच तर पुढे लहानशा टाकीत दुसऱ्या माशाला टिकू देत नाही.

रत्नागिरीचा विचार मात्र सोडून द्या. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. किनाऱ्यावरून उचललेल्या खडकाला ते लागलेले असले तर तो गुन्हा ठरतो. पाण्याविषयी माझा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी कुंभार्ली घाटातून चार कॅन समुद्राचे पाणी आणले. ते खाडीच्या तोंडाजवळ भरले होते आणि घरी मोजले तेव्हा १.०१८ निघाले. पावसाचे पाणी आणि गाळच मी एवढ्या लांबून वाहून आणला होता.

मिरजेचा मत्स्यप्रेमी

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त ७५ लिटर पाणी कुठून आणणार, याकडे लक्ष द्यावे असे सुचवतो. घरगुती आरओ यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळणारी चकती असते, त्यामुळे टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ५० ते ८० राहतो आणि बोअरचे पाणी असेल तर त्याहूनही अधिक. ती चकती पूर्ण बंद करून घ्या आणि शक्य असल्यास पुढे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडा. काचेवर पुढे जो तपकिरी थर धरतो, त्याला खाद्य पुरवणाऱ्या घटकांत नळाच्या पाण्यातील सिलिका असते. दुसरी गोष्ट, आपल्या घरांत पाणी तांब्याच्या हंड्यात साठवण्याची सवय आहे. या पाण्याला तांब्या-पितळेचा स्पर्शही होऊ देऊ नका. शंख, गोगलगायी आणि कोळंबी यांना तांब्याचा अंशही मारक ठरतो.

वीज जाते तेव्हा पंपाबरोबर प्राणवायूही थांबतो आणि हे जिवाणू प्राणवायूवरच जगतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आताच घेऊन ठेवा. मासे आल्यावर तो लागणारच आहे.

विश्रामबागकर (सांगली)

अठरा दिवसांनी लिहीत आहे. एकास नऊ अशा मिश्रणाची चाचणी २ पीपीएमच्या चौकोनाशी जुळली, म्हणजे नायट्राइट खरोखरच २० होते. नऊ दिवस मी ज्या जांभळ्या रंगाकडे पाहत होतो, तो मला काहीच सांगत नव्हता.

७५ लिटर पाणी बदलले आणि चिमूटभर खाद्य घातले. त्यानंतर अकराव्या दिवशी नळी प्रथमच फिकी आली आणि तेराव्या दिवशी निळी, म्हणजे शून्य. मग ०.९५ ग्रॅम नवसागर तोलून, पाण्यात विरघळवून घातला. चोवीस तासांनी अमोनिया शून्य होता, पण नायट्राइट ०.२५ राहिले. तीन दिवसांनी पुन्हा तेवढाच दिला आणि या खेपेला चोवीस तासांत दोन्ही शून्य झाले. सापेक्ष घनता १.०२६, सामू ८.१, नायट्रेट ३०. दोन क्लाऊन मासे एकदम सोडावेत का?

अजिंक्यतारा (सातारा)

टाकी तयार आहे. आधी तिसरा हिस्सा पाणी बदलून नायट्रेट २० पर्यंत आणा, मग तीन-चार शंख सोडा आणि आठवडाभर थांबा. क्लाऊनची लहान जोडी चालेल, पण दुकानातून आणलेली थेट मोठ्या टाकीत नको. वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवून अंगावर पांढरे ठिपके येत नाहीत ना, हे पाहा. त्या टाकीसाठी एक स्पंज आजच तुमच्या मोठ्या टाकीच्या फिल्टरमध्ये ठेवून द्या, म्हणजे जोडी येईपर्यंत त्यावर जिवाणू धरलेले असतील. तोवर मोठ्या टाकीत दर तीन दिवसांनी चिमूटभर खाद्य घालत राहा.