इलेक्ट्रिक गाड्या आणल्या, पण वीज कोळशाचीच ना?

लोकमान्यनगरकर
इंदुरात ई-रिक्षा, इलेक्ट्रिक बस वाढल्यात, आमच्या पार्किंगमधे पण रोज रात्री स्कूटरी चार्जिंगला लागलेल्या असतात, पण देशातली जवळपास पाऊण वीज अजून कोळशावरच बनते, मग इथल्या राजवाड्यावरचा धूर उचलून खंडव्याच्या सिंगाजी थर्मलला, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्राला, नेऊन ठेवला एवढंच झालं का? गाड्यांची पॉलिसी वेगळी, सोलरची वेगळी, कारखान्यांची तिसरीच. यांचा आपसात काही मेळ आहे का, मनापासून विचारतोय.

नर्मदाकाठ
मेळ बसवता येतो, आपल्या पाण्याचंच बघा ना. नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी सत्तरेक किलोमीटर आणायचं, तेही घाट चढवून, त्यामुळे पंपांचं वीजबिल महापालिकेला फार जड जायचं. मग २०२३ च्या फेब्रुवारीत ग्रीन बॉण्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढून २४४ कोटी उभे केले, जलूदलाच ६० मेगावॅटचं सोलर लावायला, आणि त्यात साध्या माणसालाही पैसे गुंतवता आले. ओल्या कचऱ्याचं पण तसंच, देवगुराडियाचा रोज ५५० टन कचऱ्यापासून गाड्यांचा गॅस बनवणारा बायो-सीएनजी प्लांट उभा राहिला कारण घराघरात कचरा वेगळा होतो आणि गॅस घ्यायला सिटी बस आहेत.

पीथमपूर_रात्रपाळी
मला सगळ्यात कामाचा वाटतो तो वीजदराचा नियम, त्यावर कोणी बोलतच नाही. केंद्रानी २०२३ मधे ठरवलं की उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा, आधी १० किलोवॅटच्या वरचे कारखाने-दुकानं, मग शेती सोडून बाकीचे. आमच्याकडे फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या रात्रपाळीवाले लावायचे, आता दुपारी जेवणाच्या सुट्टीत लागतात. तुमच्या स्कूटरी रात्री चार्ज होतात, तेव्हा सोलर बंद. म्हणून ऑफिस आणि मार्केटच्या पार्किंगमधे चार्जर हवेत, पण पार्किंगचे नियम बिल्डिंग परमिशनवाल्यांकडे आणि दर वीजवाल्यांकडे, तिथेच सगळं अडतं.

सुदामानगर२
तोवर थांबायचं कशाला? पीएम सूर्यघर या केंद्राच्या गच्चीवरच्या सोलरच्या योजनेत घरच्या ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं हे बऱ्याच जणांना माहीत आहे, पण सोसायटीच्या कॉमन कामांसाठीही किलोवॅटमागे १८,००० आहेत आणि त्यात ईव्ही चार्जिंग पण धरलंय.

लोकमान्यनगरकर
अरे वा, हे खरंच उपयोगाचं आहे!! गच्चीवर टाक्या आहेत पण दक्षिणेकडची बाजू मोकळीच पडलीये, रविवारच्या मीटिंगमधे मांडतो. कोणी सोसायटीच्या कॉमन मीटरवर नेट मीटरिंग (सोलरची जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करणं) केलं असेल तर कागदपत्रं काय काय लागली ते सांगा प्लीज.