एक्स-मेन रीबूट किती धंदा करेल? (फॅन्टॅस्टिक फोरचे आकडे बघून प्रश्न पडलाय)

इंटरव्हलनंतर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, आकडेमोड करणाऱ्या लोकांनी जरा मदत करा. फॅन्टॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स जुलै २०२५ मध्ये आला तेव्हा वाटलं होतं की चला, या चौकडीमागचं शुक्लकाष्ठ एकदाचं संपलं. २०१५ चा तो जोश ट्रँकवाला आठवतोय ना, अमेरिकेत सगळे मिळून ५६ मिलियन डॉलर, जगभरात १६८, आणि रिलीजच्या आदल्या रात्री खुद्द दिग्दर्शकानेच ट्विट करून हात झटकलेले. त्याच्या तुलनेत या नव्या पिक्चरने पहिल्या वीकेंडलाच अमेरिकेत ११७ काढले, रिव्ह्यू चांगले, पेद्रो पास्कल जोरात चाललेला, सगळं जुळून आलं होतं. तरी शेवटी जगभराचा आकडा ५२२ वर अडकला. त्याच महिन्यात आलेला सुपरमॅन ६१५ च्या पुढे गेला. मग माशी शिंकली कुठे?

आणि खरा प्रश्न पुढचा आहे. मार्व्हल आता एक्स-मेन नव्याने काढतंय, थंडरबोल्ट्सवाला जेक श्रायर दिग्दर्शक आहे, आणि कास्ट नवी घेणार, तरुण पोरांवर भर असणार असं मार्व्हलचा बॉस केविन फायगी बोलून बसलाय. तर फॅ.फो. चा अनुभव बघता यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची? माझा एक मित्र म्हणतो बिलियन कुठे गेला नाही. मला ७०० पण जड वाटतंय. अंदाज सांगा आणि का ते पण सांगा, नुसता आकडा फेकून पळू नका.

आकडेबहाद्दर

माशी दुसऱ्या वीकेंडला शिंकली, अजून कुठे. ते जे ११७.६ आहेत ना त्यातले २४ च्या आसपास तर गुरुवार रात्रीच्या प्रिव्ह्यूचे आहेत, म्हणजे ज्यांना बघायचाच होता ते पहिल्या रात्रीच बघून मोकळे. दुसऱ्या वीकेंडला ४०, म्हणजे ६६ टक्के घसरण. सुपरमॅन पण पडला पण ५३ टक्के. फरक ऐकायला किरकोळ वाटतो पण एकूण अमेरिकन कलेक्शनला ओपनिंगने भागून बघा, सुपरमॅन १२५ वर उघडला आणि ३५४ वर थांबला म्हणजे २.८ पट, फॅ.फो. २७४ वर थांबला म्हणजे २.३ पट. तोच २.८ मिळाला असता तर नुसत्या अमेरिकेतच ३३० झाले असते आणि आज हा धागा निघाला नसता.

आता यावर लगेच कोणीतरी म्हणणार की अहो पण सिनेमास्कोर (प्रेक्षकांनी पिक्चरला दिलेला ग्रेड) ए मायनस होता, लोकांना आवडला होता. आवडला असेलच, पण सिनेमास्कोर कोणाला विचारून काढतात? पहिल्या रात्री थिएटरमधून बाहेर पडणाऱ्याला. तो मुळात फॅन. त्याने ए दिला यात नवल काय, त्याने बी दिला असता तर बोंबाबोंब. जो माणूस अजून घरीच बसून 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणतोय त्याचं मत त्यात नाहीच. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पॉवर रेंजर्स २०१७. तो पण टीमचाच रीबूट, सिनेमास्कोर चक्क ए, ओपनिंग ४०, आणि दुसऱ्या वीकेंडला जवळजवळ ६५ टक्के घसरण. जगभरात १४२ वर खेळ खल्लास, बजेट १०० च्या वर. सहा पिक्चरची भाषा चालली होती, दुसरा पण निघाला नाही.

टीमवाल्या रीबूटची गोचीच ही आहे. फॅन लोक पहिल्या तीन दिवसांत येतात आणि ते येणारच. बाकीच्यांना या चार नाहीतर सहा जणांपैकी एकाशी तरी मतलब असावा लागतो, नाहीतर ते ओटीटीवर यायची वाट बघतात.

एक्स-मेनसाठी माझा अंदाज: ओपनिंग १४०, अमेरिका ३५०, जगभर ७०० च्या आतबाहेर. बिलियन नाही.

लोगन_अमर_रहे

आकडेबहाद्दर, तुम्ही टीम टीम करताय पण एक्स-मेनमध्ये टीम कधी विकली गेलीच नाही ना राव. विकला गेला तो पंजेवाला वुल्व्हरिन, म्हणजे ह्यू जॅकमन. तो मुख्य रोलमध्ये असलेला डेज ऑफ फ्युचर पास्ट (२०१४) जवळपास ७५० मिलियन. फर्स्ट क्लासमध्ये (२०११) तो फक्त बारमध्ये बसून एक शिवी देऊन जातो, ३५३. अपोकॅलिप्समध्ये (२०१६) जरा वेळ येऊन माणसं कापून जंगलात पळतो, ५४४. आणि डार्क फिनिक्समध्ये (२०१९) तो अजिबातच नाही, मूळ मालिकेतला असा पहिलाच पिक्चर, आणि २५२ वर आडवा. बजेट २०० होतं त्याचं. दुसरीकडे डेडपूल अँड वुल्व्हरिनने २०२४ मध्ये १३०० च्या वर नेले, ते पण आर रेटिंग असताना (सतरा वर्षांखालच्यांना मोठं माणूस सोबत असल्याशिवाय प्रवेश नाही), म्हणजे अर्धी पोरंटोरं दारातूनच परत.

आता नवीन कोणीतरी बावीस-पंचवीस वर्षाचा पोरगा आणून त्याच्या हातातून पंजे काढले की लोक येतील असं ज्याला वाटतं त्याने खुशाल बिलियनचा अंदाज धरावा. मी तर ५०० धरून चाललोय.

सहजच_आलो

बजेट २००, मार्केटिंग १५०, त्यातून निघणार काय तर पुढच्या पिक्चरचा पोस्ट-क्रेडिट सीन. हा खरा बिझनेस मॉडेल 😄

मिस्टिक_निळी

लोगन दादा, आकडे बरोबर पण निष्कर्ष जरा सोयीचा काढलाय. डार्क फिनिक्स वुल्व्हरिन नाही म्हणून पडला की इतर कारणांनी ते बघा ना. रिलीजची तारीख आधी नोव्हेंबर २०१८, मग फेब्रुवारी २०१९, मग जून. तोपर्यंत मार्चमध्ये एक्स-मेन काढणारं फॉक्स मार्व्हलच्या मालकाच्या, डिस्नेच्या खिशात गेलेलं, म्हणजे सगळ्या जगाला माहीत की ही मालिका इथे संपणार आणि मार्व्हल नव्याने सुरू करणार, मग शेवटचा भाग बघायला पैसे कोण घालणार. वर गोष्ट तीच जी २००६ च्या एक्स-मेन: द लास्ट स्टँडमध्ये एकदा वाया घालवून झालेली. अशा अवस्थेत जॅकमनला उभं केलं असतं तरी फार तर इज्जत वाचली असती.

आणि टीम विकली जात नाही म्हणता तर लास्ट स्टँडचंच बघा. पिक्चर म्हणून मला तो बिलकुल आवडत नाही, सायक्लॉप्सला ज्या पद्धतीने गुंडाळलाय त्यासाठी तर कधीच माफ करणार नाही, पण अमेरिकेत २३४ मिलियन. तेव्हा तिकिटाचा सरासरी भाव साडेसहा डॉलर. म्हणजे साडेतीन कोटी तिकिटं. फर्स्ट स्टेप्सचे २७४ आजच्या अकरा डॉलरच्या वरच्या भावाने मोजले तर अडीच कोटी पण भरत नाहीत. डॉलरमध्ये जास्त, माणसांमध्ये एक कोटीने कमी. वुल्व्हरिन होताच त्यात, मान्य, पण स्टॉर्म, रोग, मॅग्नेटो, झेवियर ही नावं त्या पिक्चरांमुळेच घराघरात गेली. फॅ.फो. ला असं काही कधी नशिबात नव्हतं. २००५ चा ३३३, २००७ चा ३०० च्या आसपास, ठीकठाक चालले आणि लोक विसरले. आणि १९९४ चा तर हक्क हातातून जाऊ नयेत म्हणून घाईघाईत बनवला आणि कधी रिलीजच केला नाही. तर फॅ.फो. वरून एक्स-मेनचं भविष्य सांगणं मला पटत नाही, दोघांची सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून आहे.

लोगन_अमर_रहे

@मिस्टिक ताई, आठवणी आहेत हे खरं पण कोणाच्या आठवणी आहेत? पॅट्रिक स्टुअर्ट (जुना झेवियर) आणि इयन मॅककेलनच्या (जुना मॅग्नेटो). आणि ते दोघं, जेम्स मार्सडन, रिबेका रोमाइन, अॅलन कमिंग ही सगळी जुनी मंडळी अव्हेंजर्स: डूम्सडेमध्ये येतायत, कलाकारांची नावं लिहिलेल्या खुर्च्या एकेक करून दाखवल्या त्या लाइव्हस्ट्रीममध्ये जाहीर झालं होतं. म्हणजे १८ डिसेंबर २०२६ ला लोक जुन्यांना बघून डोळे पुसणार, मग २०२७ ला त्याचा पुढचा भाग सीक्रेट वॉर्स, आणि त्याच लोकांना पुढे सांगणार की आता हे विसरा, हा नवीन झेवियर, याच्यावर प्रेम करा. स्वतःच्याच पिक्चरला स्वतःच नजर लावायचा प्रकार आहे.

इंटरव्हलनंतर

हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. पण उलटं पण होऊ शकतं ना? डूम्सडे प्रचंड चालला तर त्याच लाटेवर एक्स-मेन तरंगून जाईल.

जुना_रीळवाला

वाचत होतो, शेवटी लिहितो. हे सगळं एकदा घडून गेलंय हो, २०११ आणि २०१४ मध्ये, आणि कोणी ते उदाहरण नीट वापरत नाहीये.

फर्स्ट क्लास आला तेव्हा परिस्थिती आत्तासारखीच होती. आधीचे दोन पिक्चर लोकांच्या शिव्या खाऊन गेलेले, नवी तरुण कास्ट, मॅकअवॉय आणि फासबेंडरला मल्टिप्लेक्सवाला सर्वसाधारण प्रेक्षक फारसा ओळखत नव्हता, जेनिफर लॉरेन्स हंगर गेम्सच्या आधीची. ओपनिंग ५५, म्हणजे लास्ट स्टँडच्या १०२ च्या जेमतेम निम्मं. अमेरिकेत १४६, तोपर्यंतच्या एक्स-मेन पिक्चरांत सगळ्यात कमी. त्या दिवशी असा धागा निघाला असता तर सगळ्यांनी लिहिलं असतं की संपलं. पण पिक्चर चांगला होता, नंतर घरी बघणाऱ्यांनी तो उचलून धरला, आणि तीन वर्षांनी त्यांनी नवे आणि जुने एकाच पिक्चरमध्ये आणले तेव्हा आकडा दुपटीच्या वर गेला. लोगनभाऊ, डेज ऑफ फ्युचर पास्ट तुम्ही जॅकमनच्या खात्यात टाकलात पण त्यात अर्धा वाटा नव्या पोरांचा होता, आधीच्या पिक्चरमुळेच त्यांच्यात जीव गुंतला होता लोकांचा.

आत्ता मार्व्हल क्रम उलटा लावतंय, आधी जुन्यांचा मोठा जल्लोष आणि मग नव्यांची एंट्री. त्यामुळे धागाकर्त्याची लाटेची आशा मला खरी वाटत नाही. मोठ्या सोहळ्यानंतर जे येतं त्याला लोक थकलेलेच भेटतात. पहिला नवा एक्स-मेन ५५० ते ६५० मध्ये राहील असं मला वाटतं, आणि ते वाईट नाही. दुसऱ्याचा आकडा काय येतो ते बघा. फक्त दुसरा काढायची हिंमत त्यांनी ठेवायला हवी. निन्जा टर्टल्सचं उलटं झालं होतं, २०१४ चा रीबूट समीक्षकांनी झोडपून काढला तरी ४८५ वर गेला, सगळे खूश, आणि २०१६ चा दुसरा भाग बरोब्बर अर्ध्यावर, २४५. पहिल्या भागाला लोक कुतूहलाने आले, दुसऱ्याला यायला कारण उरलं नव्हतं.

आकडेबहाद्दर

रीळवाले काका, फर्स्ट क्लासचा दाखला एकदम मान्य, पण एक गोष्ट तेव्हा होती आणि आता नाही. परदेशी पैसा. डेज ऑफ फ्युचर पास्टच्या साडेसातशेमध्ये अमेरिकेचे २३४ म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून कमी, एकट्या चीनने शंभराच्या वर दिले होते. फर्स्ट स्टेप्समध्ये अमेरिकाच निम्म्याहून जास्त, बाहेरून सगळे मिळून २४८, चीनमध्ये तर तो आला कधी आणि गेला कधी कळलं नाही. त्यामुळे आज दुसरा भाग कितीही चांगला असला तरी दुप्पट व्हायला ती जागाच शिल्लक नाहीये.

सहजच_आलो

मग सगळ्यांचं मिळून पाचशे ते सातशे. पिक्चर हिट की फ्लॉप ते सांगा ना कोणीतरी एका वाक्यात.

आकडेबहाद्दर

एका वाक्यात नाही होणार, बजेट माहीत नसताना तर नाहीच. फर्स्ट स्टेप्सचाच हिशोब घ्या. अमेरिकेत तिकिटाच्या पैशातले ढोबळमानाने ५५ टक्के स्टुडिओकडे येतात, बाहेर ४० च्या आसपास, चीनमध्ये फक्त २५. म्हणजे २७४ मधले दीडशे आणि २४८ मधले साधारण शंभर, झाले अडीचशे. बनवायला किमान २०० गेले अशा बातम्या होत्या, वर जाहिरातीचा खर्च शंभराच्या खाली नसतो. थिएटरमध्ये तोटाच किंवा फार तर हातातोंडाशी गाठ, पुढे स्ट्रीमिंग, खेळणी, थीम पार्क यातून भरून निघणार. आणि थंडरबोल्ट्स, ज्याला रिव्ह्यू झकास मिळाले, तो १८० च्या बजेटवर जगभरात ३८२. तो थिएटरपुरता सरळ तोट्यात.

एक्स-मेनमध्ये शाळा आहे, पोरं आहेत, आकाशातून पडणारं शहर दाखवायची सक्ती नाहीये. १५० मध्ये बनवला तर ६०० ला पार्टी. २५० मध्ये बनवला तर ६०० ला श्रायरच्या पुढच्या मीटिंगला कोणी फोन उचलणार नाही.

मिस्टिक_निळी

१५० मध्ये बनवायचा तर सेंटिनेल्स (एक्स-मेनची शिकार करणारे ते महाकाय रोबो) विसरा. आणि सेंटिनेल्स नसतील तर मी पण दुसऱ्या आठवड्यातच जाणार, सांगून ठेवते.

लोगन_अमर_रहे

बघा, हा आला तुमचा ६६ टक्के ड्रॉप.