वैयक्तिक ध्येयविधान लिहून काढल्याने निर्णय घेणे खरोखर सोपे होते का?

शोधयात्री (प्रश्न)

नमस्कार. गेल्या महिन्यात एका प्रशिक्षणवर्गात आम्हां सर्वांना अर्ध्या तासात स्वतःचे ‘पर्सनल मिशन स्टेटमेंट’, म्हणजे वैयक्तिक ध्येयविधान, लिहायला सांगितले होते. मी लिहिले ते असे : “सचोटीने व सातत्याने काम करून स्वतःचा आणि समाजाचा सर्वांगीण विकास साधणे.” वर्गात त्याचे कौतुक झाले, परंतु घरी येऊन कागद पुन्हा वाचला तेव्हा जाणवले की हेच वाक्य माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याच्या नावाखाली घातले असते, तरी कोणालाही वावगे वाटले नसते.

माझे वय ४२ आहे. वरच्या पदाची जबाबदारी स्वीकारायची, की सध्याच्या तांत्रिक कामातच राहायचे, हे मला दोन महिन्यांत ठरवायचे आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ कुतूहलाचा नाही. प्रशिक्षकांनी असेही सांगितले की १९५३ साली येल विद्यापीठात एक पाहणी झाली होती आणि ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती, त्यांची संपत्ती वीस वर्षांनंतर उरलेल्या ९७ टक्के विद्यार्थ्यांच्या एकूण संपत्तीहून अधिक भरली. हे खरे आहे का? आणि ज्यांनी असे विधान लिहून प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांचा अनुभव काय आहे?

टिपणवही

आधी त्या पाहणीविषयी. ती कधी झालीच नाही. ही कथा अनेक वर्षे भाषणांतून फिरत आली आहे, मात्र येल विद्यापीठात शोध घेतला असता तिचा मागमूसही लागला नाही. तो आकडा मनातून काढून टाकावा, हे बरे. लिहिण्याचा उपयोग संपत्तीच्या हिशेबात शोधू नये, असे मला मनापासून वाटते.

आता तुमचे वाक्य. त्यात चुकीचे काही नाही, आणि हीच त्याची अडचण आहे. वरचे पद घेतले तरी विकास होतो आणि न घेतले तरी होतो, म्हणजे ते वाक्य तुम्हाला कशालाच नकार देऊ देत नाही. वाईट गोष्ट सोडायला ध्येयविधानाची गरज पडत नाही. दोन चांगल्या गोष्टी समोर उभ्या राहतात आणि वेळ एकीपुरताच असतो, तेव्हा ते कामास यावे लागते.

मी सहा वर्षांपूर्वी माझे विधान लिहिले. कोऱ्या कागदासमोर दोन संध्याकाळी बसूनही तुमच्यासारखीच गुळगुळीत वाक्ये सुचत होती, तेव्हा मी मागच्या तीन वर्षांच्या दैनंदिन्या काढल्या आणि ज्या दिवशी थकून घरी येऊनही मन प्रसन्न होते, त्या दिवसांपुढे पेन्सिलीने बारीक खूण करत गेलो. खुणा १९ झाल्या. त्यांत माझ्या बढतीचा दिवस नव्हता, सत्काराचाही नव्हता. बहुतेक दिवस असे होते की कोणा नवख्याला एखादी गोष्ट समजावून सांगितली होती आणि पुढच्या वेळी त्याने ती मला न विचारता केली होती. हे माझ्याविषयी मलाच ठाऊक नव्हते, आणि त्या संध्याकाळी मी बराच वेळ नुसता बसून होतो. त्यातून वाक्य आले ते असे : “मला जे येते ते दुसऱ्याला माझ्याविना करता येईल, इतके नीट शिकवणे.”

पुढच्याच वर्षी मला एका मानाच्या समितीचे प्रमुखपद देऊ केले गेले. ते घेतले असते तर शिकवण्यासाठी राखलेला शनिवार गेला असता. मी नकार दिला. त्याचे वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही, पण रात्र रात्र घोळ घालत बसावे लागले नाही.

मनस्वी

वरील प्रतिसादात एक भर. लिहिलेले विधान रोजच्या दिवसाला कसे जोडायचे, याचे चांगले उदाहरण अठराव्या शतकातील अमेरिकी मुत्सद्दी व लेखक बेंजामिन फ्रँकलिन यांचे आहे. त्यांनी तरुणपणी आत्मशिस्तीसाठी १३ सद्गुणांची यादी केली, प्रत्येक गुणापुढे त्याचा अर्थ एका छोट्या आज्ञेत लिहिला, आणि एका आठवड्यात एकाच गुणावर विशेष लक्ष ठेवण्याचा नेम केला. त्यामुळे १३ आठवड्यांत एक फेरी आणि वर्षभरात चार फेऱ्या पूर्ण होत. चुकलेल्या ठिकाणी ते काळा ठिपका देत. जुने ठिपके खरवडून खरवडून वहीच्या कागदाला भोके पडली, तेव्हा त्यांनी ते तक्ते हस्तिदंती पानांच्या टिपणवहीत उतरवले, म्हणजे ठिपके ओल्या स्पंजने पुसता येऊ लागले. ती भोके पडलेली वही मला कोणत्याही सुंदर वाक्याहून मोलाची वाटते.

दुसरी गोष्ट अशी की मुळात यादी १२ गुणांचीच होती. तुम्ही गर्विष्ठ समजले जाता, असे एका स्नेह्याने स्पष्ट सांगितल्यावर त्यांनी तेरावा गुण, नम्रता, जोडला. तेव्हा आपण आपले विधान एखाद्या जवळच्या आणि परखड माणसाला अवश्य दाखवावे. मात्र चारचौघांत जाहीर करण्याची घाई करू नये. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की आपण कोण होऊ इच्छितो यासंबंधीचा संकल्प इतरांनी ऐकून घेतला की काही अंशी तो साधल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्ष प्रयत्न कमी पडतात. वर्गातील ते कौतुक म्हणूनच मला फारसे हितकारक वाटत नाही.

सांजवात

मी थोडे वेगळे मत मांडते. माझे विधान उत्तम होते, स्पष्ट होते आणि माझेच होते. परंतु ते लिहिल्यानंतर दोन वर्षांनी आईचे आजारपण सुरू झाले आणि भिंतीवर लावलेला तो कागद रोज सकाळी मला अपराधी ठरवू लागला. शेवटी तो काढून मी कपाटात ठेवला. चूक विधान लिहिण्यात नव्हती; त्यावर तारीख घालायची आणि ते पुन्हा कधी वाचायचे हे ठरवायचे राहून गेले होते. आता मी दरवर्षी जुने विधान समोर ठेवून नवे लिहिते आणि जुने फाडत नाही. आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसांचा उल्लेख ज्यात कोठेच येत नाही, असे विधान मला यापुढे पूर्ण वाटणार नाही.

शोधयात्री

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्याकडे दैनंदिनी नव्हती, म्हणून गेल्या दोन वर्षांचे कामाचे कॅलेंडर उघडून तशाच खुणा केल्या. ११ झाल्या, आणि त्यांपैकी ८ दिवस बिघडलेली गोष्ट शांतपणे, एकट्याने, मुळापर्यंत जाऊन दुरुस्त केल्याचे निघाले. पत्नीला यादी दाखवली, तेव्हा त्या दिवसांपैकी किती दिवस मी मुले झोपल्यानंतर घरी आलो होतो, हे तिने विचारले. पाच.

आज कागदावर असे आहे : “गुंतागुंतीचे बिघाड मुळापासून दुरुस्त करणे, आणि हे काम संध्याकाळपर्यंत संपवून घरी असणे.” खाली तारीख घातली आहे. या वाक्यात वरच्या पदाला जागा दिसत नाही, तरीही पुढील सहा आठवडे ते रोज वाचून मगच उत्तर कळवणार आहे.