पीयूला कुठला गट घ्यावा? बहिणीला पुढं इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचंय

बेळगुंदीकर

राम राम मंडळी. आमच्या धाकटीची दहावी झाली. मराठी माध्यम, गणितात ९१. आता पीयूच्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या, ॲडमिशनची गडबड चालू आहे आणि घरात रोज वाद.

तिला इकॉनॉमिक्स करायचंय. हे खूळ कुठनं शिरलं ते सांगतो. आमची रताळ्याची शेती. एपीएमसीतनं अडत्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) आली की ती वाचायचं काम तिचं, कारण वडिलांना बारीक अक्षर दिसत नाही आणि मला कंटाळा. हमाली, तोलाई, घट सगळं वजा जाऊन हातात काय उरलं ते ती वहीत लिहून ठेवते. गेल्या दसऱ्याआधी तिनं वही पुढं करून दाखवलं, की नवरात्राच्या तोंडाला भाव चढलेला असतो आणि आमच्या पश्चिम भागातली सगळ्यांची रताळी एकदम यार्डात आली की धाडकन खाली येतो. वर आणि ट्रक ड्रायव्हरला फोन करून त्याच आठवड्यात दिल्लीत माल कितीला गेला ते विचारलं. मधले पैसे कुणाचे, म्हणून वडिलांच्या मागं लागली. वडील म्हणाले, जा, अडत्याला विचार. ती खरंच निघाली होती.

कॉलेजात फॉर्म आणायला गेलो तर खिडकीवरच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "इकॉनॉमिक्स पाहिजे तर आर्ट्सला एचईपीएस घ्या, त्यात आहे की इकॉनॉमिक्स." मामा म्हणतोय कॉमर्स. हायस्कूलचे सर म्हणतायत सायन्स. तिच्या डोक्यात दिल्ली युनिव्हर्सिटी, नाहीतर पुणं. आमच्या घरात बारावीच्या पुढं कोण गेलेलं नाही, म्हणून इथं विचारतोय. कुठल्या गटानं पुढची वाट बंद होत नाही?

शहापूरवाला

कॉमर्स घ्या आणि सीए करा. इकॉनॉमिक्स शिकून काय बँकेच्या परीक्षाच द्यायच्या ना शेवटी? माझा चुलतभाऊ एमए इकॉनॉमिक्स, आता मोबाईलचं दुकान आहे. दुकान चांगलं चालतं, ते वेगळं.

चिकोडीच्या बाई

भाऊ, त्या खिडकीवर ऐकून फॉर्म भरू नका. मी पीयूत इकॉनॉमिक्सच शिकवते, आणि माझ्या वर्गाचं गिऱ्हाईक घालवून सांगते: दिल्ली विद्यापीठाच्या बीए ऑनर्स इकॉनॉमिक्सला बारावीत इकॉनॉमिक्स असायलाच पाहिजे असं नाही. गणित मात्र पाहिजेच.

तिथला प्रवेश २०२२ पासून सीयूईटीवर, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेवर, होतो. बारावी पास असावी लागते, खरं मेरिट लागतं ते सीयूईटीच्या गुणांचं. इकॉनॉमिक्स ऑनर्ससाठी चार पेपर धरतात: एक भाषा, गणित, आणि त्यांच्या यादीतले आणखी दोन विषय. एकेक पेपर ५० प्रश्नांचा, वेळ ६० मिनिटं, बरोबर उत्तराला ५ आणि चुकलं की १ वजा. म्हणजे पेपर २५० चा आणि चार मिळून १०००. आता गोम इथं आहे. सीयूईटी घेणारे २०२५ पासून म्हणतात की बारावीला कुठलेही विषय असोत, पेपर कुठलाही द्या. ते वाचून आमच्याकडची पोरं खूश झाली. पण दिल्ली विद्यापीठ आपल्या बाजूनं सांगतं की बारावीला जे विषय होते त्यांचेच पेपर आम्ही धरणार. एचईपीएस म्हणजे हिस्ट्री, इकॉनॉमिक्स, पोलिटिकल सायन्स, सोशिऑलॉजी. त्यात गणित कुठंय? पोरगी दोन वर्षं मन लावून इकॉनॉमिक्स शिकणार, ९५ मार्क पाडणार, आणि इकॉनॉमिक्स ऑनर्सलाच अपात्र ठरणार. दर वर्षी माझ्या वर्गात अशी एखादी असतेच. तिला हे कळतं सेकंड पीयू संपत आल्यावर, कुणीतरी फॉर्म भरायला बसल्यावर.

तेव्हा गणित असलेला गट बघा. कॉमर्सकडं गणित, इकॉनॉमिक्स, बिझनेस स्टडीज, अकाउंटन्सी असा गट असतो. तुमच्या बहिणीला तो सगळ्यात सोयीचा, फक्त प्रत्येक कॉलेजात मिळत नाही. नाही मिळाला तर सायन्सचा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गट चालतो. फिजिक्स-केमिस्ट्री हेच तिचे "आणखी दोन विषय" होतील. दोन ठिकाणी फसू नका. कॉमर्सच्या एसईबीए गटात स्टॅटिस्टिक्स असतं, ते म्हणजे गणित नव्हे. आणि कॉमर्सला "बेसिक मॅथ्स" नावाचा पेपर असतो, तो वेगळाच विषय आहे. त्याच्या भरवशावर जायचं असेल तर आधी विद्यापीठाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, ऑफिसातल्या "चालतंय की" वर जाऊ नका.

सायन्सची भीती वाटत असेल तर एक सांगते. आपल्या पीयूला गणिताचं पुस्तक एनसीईआरटीचंच आहे आणि सीयूईटीचा गणिताचा पेपर बारावीच्या त्याच अभ्यासक्रमावर येतो. वेगळं काही शिकायचं नाही, हात चालवायचा.

आणि हो, भाषेच्या पेपरात मराठी आहे, कन्नडही आहे. पीयूला भाषा म्हणून मराठी घेतली तर सीयूईटीला मराठीचाच पेपर देता येतो. घरची भाषा आहे म्हणून सोडवायला सोपी जाईल असं मात्र समजू नका, उतारे वाचून पटापट उत्तरं द्यायची सवय करावी लागते.

बेळगुंदीकर

बाई, लई उपकार. एक विचारू का, राग मानू नका. इकॉनॉमिक्सला गणित एवढं का लागतं? पट्टीवरचं गुणाकार-वजाबाकी तर ती आत्ताच करते.

चिकोडीच्या बाई

राग कसला. तुमच्याच रताळ्यांवर सांगते, आकडे माझ्या मनचे.

समजा यार्डात एकही गाडी नसती तर किलोला ४० रुपये भाव निघाला असता, आणि सारख्या वजनाची एकेक गाडी आली की भाव २ रुपयांनी उतरतो. ८ गाड्या आल्या तर भाव २४, आठ चोक... थांबा, ८ गुणिले २४ म्हणजे १९२. १० गाड्यांना भाव २०, एकूण २००. ११ गाड्यांना १८, एकूण १९८. १२ गाड्यांना १६, पुन्हा १९२. म्हणजे अकरावी गाडी आली की माल वाढला आणि सगळ्यांच्या पट्ट्या मिळून पैसा कमी झाला. हे एकेक आकडा घालून तुमची बहीण वहीत काढेल. पण भाव असा सरळ रेघेत उतरत नसला, वाहतूक खर्च वेगळा धरायचा झाला, कोल्ड स्टोरेजचा पर्याय आला, तर किती आकडे घालून बघणार? सेकंड पीयूत डेरिव्हेटिव्ह शिकवतात त्यानं हाच कमाल बिंदू दोन ओळींत निघतो. ऑनर्सच्या पहिल्या वर्षी शिकवणारे हे तुम्हाला येतंच असं धरून पुढं जातात. गणिताची अट त्यासाठी आहे.

मराठी माध्यमातनं आलेल्या पोरींना पीयूत पहिले दोन-तीन महिने जड जातात, ते गणितामुळं नव्हे, इंग्रजीमुळं. माझ्या वर्गात एकीला फळ्यावरची डिमांडची रेघ बघून तोंडी सगळं सांगता यायचं, पेपरात मात्र कोरं. तिला मी मराठीत उत्तर लिहायला लावलं, मग शेजारी इंग्रजी. दिवाळीपर्यंत मराठीचा रकाना आपोआप गळाला.

खानापूर ते दिल्ली

मी सध्या दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला आहे, पीयू पीसीएम. बाईंनी सांगितलंय ते खरं. पहिल्याच सेमिस्टरला गणिताचा स्वतंत्र पेपर असतो, आणि ज्यांनी "बारावीत गणित होतं एकदाचं" म्हणून सोडून दिलेलं असतं त्यांचे तिथं हाल होतात.

थोडी भर घालतो. पीसीएम घेतलं तर आणखी एक वाट उघडी राहते, आयआयटी मुंबई आणि कानपूरला इकॉनॉमिक्समधली बीएस पदवी आहे. ती जेईई ॲडव्हान्स्डनं. अवघड आहे, सगळ्यांनी त्यामागं लागावं असं नाही. दिल्लीत बिझनेस इकॉनॉमिक्स ऑनर्स पण आहे, त्यालाही गणित लागतं आणि वर सीयूईटीचा जनरल टेस्टचा पेपर. गणित नसलेल्यांना बीए प्रोग्राममध्ये इकॉनॉमिक्स एक विषय म्हणून घेता येतं, ती पदवी मात्र इकॉनॉमिक्स ऑनर्सची नव्हे.

दिल्लीत पदवी चार वर्षांची आहे, तीन वर्षांनी बाहेर पडता येतं. आपल्याकडं कर्नाटकात चार वर्षांची योजना २०२४-२५ पासून बंद करून पुन्हा तीन वर्षांची केली. घरच्यांना खर्चाचा हिशेब सांगताना हे लागेल. कॉलेजची फी म्हणाल तर सरकारी कॉलेजात परवडते, राहण्या-खाण्याचा खर्च बापाला विचारात पाडतो. आणि नोव्हेंबरात इथली हवा... ते जाऊ द्या.

निपाणीकर

सगळे दिल्ली दिल्ली काय लावलंय? आमच्या निपाणीची पोरं कित्येक वर्षं चालत हद्द ओलांडून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जातात. घर कर्नाटकात, कॉलेज कोल्हापूर जिल्ह्यात, विद्यापीठ शिवाजी. तिथं बीएला इकॉनॉमिक्स घ्यायला बारावीत गणिताची अट नाही. बेळगावात राहून राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजातनं बीए केलं तरी तेच, फॉर्म यूयूसीएमएस या कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या पोर्टलवर भरायचा. ज्या पोरींनी आधीच आर्ट्स घेतलंय त्यांनी हा धागा वाचून रडत बसू नये म्हणून लिहितोय. बीए करता करता गणित स्वतः शिकायचं आणि एमएच्या प्रवेश परीक्षेला बसायचं. एनआयओएस या केंद्राच्या मुक्त शाळा बोर्डातनं बारावीचं गणित एकटंच देता येतं, विषय क्रमांक ३११. ती वेगळी गुणपत्रिका पुढं कुठं चालते ते मात्र त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात बघूनच पैसे भरा.

पुण्याचं म्हणाल तर गोखले इन्स्टिट्यूटमध्ये बीएस्सी इकॉनॉमिक्स आहे. १९३० ची संस्था, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. बीए न म्हणता बीएस्सी म्हणतात ते उगीच नाही, गणित आणि स्टॅटिस्टिक्स भरपूर. सिंबायोसिसचं इकॉनॉमिक्स वेगळं, त्याला त्यांची स्वतःची सेट नावाची प्रवेश परीक्षा, आणि फी ऐकून वडिलांना आधी खुर्चीवर बसवा.

महाराष्ट्रात जायचं झालं तर मायग्रेशन आणि एलिजिबिलिटीची कागदं आधी विचारून ठेवा. आपलं गाव महाराष्ट्र हक्क सांगतं त्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत आहे का तेही बघा. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या पोरांना वेगळा हक्क देतं, इतर कोर्सला काय सवलत आहे ते कॉलेजात विचारायला पैसे पडत नाहीत. अर्ज करताना आमच्याकडचे निम्मे लोक हे लिहितच नाहीत. मोर्चाला सगळ्यात पुढं, फॉर्म भरताना मागं.

बेळगुंदीकर

खाली बहीण लिहितेय, माझ्या मोबाईलवरनं.

बाई, मी तुमचं दहा गाड्यांचं गणित केलं. बरोबर आलं. पण अकराव्या गाडीवाल्याला कुठं माहीत असतं की तो अकरावा आहे? आणि माहीत असलं तरी तो परत का जाईल? त्याला स्वतःच्या गाडीचे तर १८ च्या भावानं पैसे मिळतातच की. तोटा बाकीच्या दहांचा होतो. मग हे थांबवायचं कुणी? आणि अडत्याचं कमिशन एकूण विक्रीवर असतं, म्हणजे दहा गाड्यांवर थांबण्यात त्याचा पण फायदा आहे, तरी तो का सांगत नाही?

चिकोडीच्या बाई

बाळ, हा प्रश्न ऑनर्सच्या वर्गात मायक्रोच्या पेपरात येतो. तुला आत्ताच पडला. अडत्या एकटा नसतो यार्डात, शेजारचा गाळा पण आहे ना? त्यानं दहावर थांबवलं तर अकरावी गाडी कुठं जाईल ते बघ, म्हणजे तुझं तुला सापडेल. गणिताचा गट घे. बाकी माझं काही म्हणणं नाही.

शहापूरवाला

मी माझं सीएचं म्हणणं मागं घेतो. नाहीतर ही पोरगी माझ्या दुकानाचा पण हिशेब मागेल.

बेळगुंदीकर

भाऊ लिहितोय परत. शहरातल्या एका कॉलेजात गणितासहचा कॉमर्स गट आहे असं फोनवर कळलं, उद्या मार्क्सकार्ड घेऊन जातोय. शेवटचा प्रश्न. आम्ही मराठा, दाखल्यावर ३बी आहे. दिल्लीत त्याचा उपयोग होतो का? तहसीलदारांकडनं आत्ताच काय काढून ठेवू?

खानापूर ते दिल्ली

३बी ही कर्नाटक सरकारची वर्गवारी, दिल्लीत ती विचारत नाहीत. तिथं केंद्राच्या ओबीसी यादीत जात आहे का ते बघतात आणि नॉन-क्रीमी लेयर केंद्राच्या नमुन्यात मागतात. त्या यादीत नसाल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं आरक्षण, बघा. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं आणि शेती ५ एकरांच्या आत. पाच एकरांचा आकडा कुटुंबाची सगळी जमीन मिळून धरतात.

हे प्रमाणपत्र आत्ता काढून उपयोग नाही, ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या आर्थिक वर्षातलं लागतं. नाडकचेरीत (होबळीच्या महसूल कार्यालयात) अर्ज तेव्हा द्या. आत्ता दोनच कामं करा. आरटीसीवर (आपला सातबारा) जमीन अजून आजोबांच्या नावावर असेल तर वाटणीची नोंद करून घ्या, त्याला वेळ लागतो. आणि दहावीच्या मार्क्सकार्डवरचं नाव नि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का बघा. आपल्याकडं एकीकडं आडनाव पुढं, एकीकडं मागं, एकीकडं नुसतं इनिशियल असतं. सीयूईटीचा फॉर्म भरताना तिथंच घोडं अडतं.

बेळगुंदीकर

बघितलं. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे, मार्क्सकार्डवर नुसतं इनिशियल. आधीच सांगितलंत ते बरं झालं. कॉलेजातनं आलो की थेट आधार सेंटरला जातो.